पॅकिंग कापणारा माणूस

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ एक लांब मेज होतं, वर जस्ताचा पत्रा ठोकलेलं. मेजामागच्या भिंतीवर खिळ्यांना फर्मे टांगलेले असत: पत्र्याचे, चपटे, प्रत्येकाला वेगवेगळ्या आकाराची भोकं. या मेजापाशी एका माणसाने चौतीस वर्षं काढली. तो पॅकिंगं कापायचा.

इंजिनाचे दोन लोखंडी भाग जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मध्ये जाड कागदासारखं काहीतरी घालावं लागतं. ते नसलं तर तेल झिरपतं, पाणी गळतं, धूर सुटतो. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणत असतील, वर्कशॉपमध्ये पॅकिंगच. लोखंड कितीही घासलं तरी लोखंडाशी जुळवून घेत नाही, मध्ये कुणीतरी मऊ लागतं.

"सासू आणि सून यांच्यामध्ये नवरा असतो तसं," तो समजावून सांगायचा.

"फरक एवढाच," त्याची बायको आतून म्हणायची, "की पॅकिंग कामाला येतं."

सकाळी त्याच्यापुढे चिठ्ठी यायची. अमुक गाडीचं तमुक पॅकिंग, इतके नग. तो फर्मा काढायचा, पॅकिंगच्या शीटवर ठेवायचा, टोकदार सळईने रेघ मारायचा आणि छिन्नी लावायचा. गोल भोकांना पंच. एक ठोका, एक भोक. कापलेली पॅकिंगं पाच-पाचच्या जुड्या करून तो ट्रेमध्ये ठेवायचा आणि ट्रे पलीकडच्या शेडमध्ये जायचा. तिथे फिटर ती बसवायचे. शेडमध्ये जायची त्याला बंदी नव्हती. पण शेडमध्ये तेल असे, आरडाओरडा असे, आणि त्याला आपल्या खिडकीचा उजेड आवडायचा. दुपारी तो उजेड मेजावर तिरका पडला, की शीटवरची रेघ केसासारखी स्पष्ट दिसायची. चौतीस वर्षांत त्याने हजारो पॅकिंगं कापली आणि एकही इंजिनावर बसवलं नाही. एकही इंजिन खोललं नाही.

डेपोबाहेर हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्या आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं, माझा मुलगा बसची इंजिनं दुरुस्त करतो. आई बोलली ते काही अगदी खोटं नव्हतं. त्याने कापलेल्या पॅकिंगशिवाय एक बस डेपोबाहेर पडली नसती. म्हणून तो गप्प राहिला. मग गल्लीत त्याला मिस्त्री म्हणू लागले. कुणी स्कूटर घेऊन आलं तर तो मान तिरकी करून आवाज ऐकायचा, "कार्बोरेटर दाखवून घ्या" म्हणायचा आणि चांगल्या गॅरेजचा पत्ता द्यायचा. सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मिस्त्रीचा हात मोठ्या इंजिनांचा, लहान कामाला लावत नाही, असा लोकांनी अर्थ काढला. गप्प बसण्याचं वय वाढत गेलं, की ते मोडणं अवघड होऊन बसतं. निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी तो मिस्त्रीच होता.

एके दिवशी दुपारी खाली हॉर्न वाजला. पाठोपाठ हाक.

"बाळ्या! ए बाळ्या! खाली ये. गाडी खोकतेय."

त्याला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्याची ताई सहासष्ट वर्षांची होती. तिची लाँड्री होती, आणि धुतलेले, इस्त्री केलेले कपडे ती स्वतःच्या व्हॅनमधून घरोघरी पोचवायची. व्हॅन नवऱ्याने घेतलेली. तो गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. तिने गाडी शिकून घेतली आणि सीटवर उशी टाकून चालवायला लागली. समोरून फक्त चष्मा आणि स्टिअरिंग दिसायचं.

"ऐक," ती खाली न उतरताच म्हणाली, आणि तिने इंजिन रेस केलं. टकटकटकटक. एखादा म्हातारा नखाने टेबल वाजवत बसावा तसा आवाज. या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, झाकणाखाली होतं. झाकणाच्या फटीतून धुराचा वास येत होता.

"डॉक्टरीणबाईंनी कोट परत पाठवला. काय म्हणाल्या माहितेय? कोट पांढरा आहे, पण वास धुरांड्याचा येतोय. मी दोनदा धुऊन देते गं बाई, तिसऱ्यांदा गाडीच त्याला धूर देते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या चादरी माझ्याकडे यायच्या आहेत. हा वास गेला नाही तर त्या येत नाहीत."

"गॅरेजमध्ये दाखवलंस?"

"दाखवलं. तो म्हणतो, धूर इंजिनातून सायलेन्सरकडे जातो तिथलं पॅकिंग जळालंय. या गाडीचं पॅकिंग आता मिळत नाही. म्हणे गाडी बदला. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ चौतीस वर्षं बसची इंजिनं खोलत होता. तू नको शिकवूस."

त्याने वर पाहिलं. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा तसाच थांबला होता. तिने भुवया किंचित वर केल्या: सांगून टाका.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो काय? रविवारी लाँड्री बंद असते. रविवारी कर."

रात्री जेवताना बायको म्हणाली, "ताईंना सांगायला काय जातं तुमचं?"

"काही जात नाही."

"मग?"

"ती गॅरेजवाल्याला सांगून आलीय."

"हो का? मग आता गॅरेजवाल्याची अब्रू राखायला तुम्ही इंजिन खोलणार."

तो हसला, पण घास तसाच तोंडात राहिला. भीती इंजिनाची नव्हती. ताईने त्याच्याविषयी कुणाला काही सांगताना तिच्या आवाजात जे येतं, ते पुढच्या वेळी येणार नाही, याची होती.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी ताईने गाडी काढायच्या आधी लाँड्रीच्या मागच्या अंगणात जाऊ लागला. इंजिनाचं झाकण उघडायचा आणि आठ नटांना गंज सोडवणारं तेल थेंब थेंब पाजायचा. हे त्याला ऐकून माहीत होतं. फिटर लोक जेवायला बसले की बोलायचे: जुना नट ताकदीने सुटत नाही, वाट बघण्याने सुटतो. वाट बघणं त्याला जमायचं.

रविवारी आठही नट सुटले. शेवटचा सुटला तेव्हा त्याने पाना खाली ठेवला आणि दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग लोखंडाचा तो वेडावाकडा भाग, ज्यातून चार तोंडांनी धूर आत येतो आणि एका तोंडाने बाहेर पडतो, अलगद बाहेर ओढला. मॅनिफोल्ड. हा शब्द त्याने चिठ्ठ्यांवर हजार वेळा वाचला होता. वस्तू पहिल्यांदा मांडीवर घेतली. एखाद्याशी आयुष्यभर पत्रव्यवहार असावा आणि तो अचानक दारात उभा राहावा, तसं झालं. जुन्या पॅकिंगचा कोळसा झाला होता. हात लावताच भुगा पडला.

मग त्याचं खरं काम आलं. फर्मा नव्हता. अशा वेळी शीट थेट लोखंडावर ठेवतात आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेवरून हळूहळू ठोकत जातात. खालची लोखंडी कड धारेसारखी शीट कापते. त्याने तारेची जाळी असलेली राखाडी शीट घेतली आणि ठोकायला लागला. टुक, टुक, टुक. चारही खिडक्या, म्हणजे धुराची चार तोंडं, एकेक करून उघडत गेल्या. कड इतकी तंतोतंत, की नख फिरवलं तरी लोखंड कुठे संपतं आणि शीट कुठे सुरू होते ते कळू नये. डेपोत एवढं तंतोतंत कधी कापू दिलं नव्हतं. तिथे हेडमिस्त्रींचा नियम होता: धुराचं पॅकिंग रेघेबाहेरून काप. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही. त्याने आपल्या मनाशी ठरवलं होतं, की फिटरांचे हात जाड, त्यांना सैल माल लागतो. पण ही ताईची गाडी. इथे सैल कशाला?

त्याने ते बसवलं. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत गेला. हेही ऐकलेलं. ताईने चावी फिरवली.

टकटक गेली होती. इंजिन नुसतं गुणगुणत होतं.

"बघ!" ताई म्हणाली. "मी सांगितलं होतं त्या गॅरेजवाल्याला!" आणि ती त्या आठवड्यात जिथे जिथे कपडे द्यायला गेली, तिथे तिथे तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गॅरेजवरून जाताना मुद्दाम गाडी हळू केली.

नवव्या दिवशी वास परत आला.

ती चिडली नाही, हेच त्याला लागलं. "जुनी गाडी आहे रे," ती म्हणाली. "तू परत बघ. तुला कळेल." तिच्या आवाजात विश्वास तसाच होता, नव्या नोटेसारखा कोरा.

त्याने परत खोललं. तिसऱ्या खिडकीची कड खाल्ल्यासारखी झाली होती, जाळी उघडी पडली होती आणि तिथून काजळीचा पंखा बाहेर पसरला होता. बाकीच्या कडाही करपल्या होत्या. त्याच्या हातचं सगळ्यात सुंदर पॅकिंग. आठ दिवसांत राख. त्याने ते अलगद सोडवून घेतलं. नंतर वर्तमानपत्रात गुंडाळून बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तिथे तिसऱ्या मजल्यावर डेपोतला जुना फिटर राहायचा. त्याच्या गॅलरीत बसच्या ब्रेक ड्रममध्ये रोपं लावलेली होती.

"अरे टेबल!" फिटर ओरडला. डेपोत त्याचं नाव तेच होतं. "जिवंत आहेस? ये, ये. चहा टाकायला सांगतो."

त्याने वर्तमानपत्र उलगडलं. फिटरने पॅकिंग चष्म्याजवळ धरलं, उजेडात फिरवलं.

"कुठल्या गाढवाने कापलंय हे?"

"मी."

फिटरने त्याच्याकडे बघितलं. "थट्टा करू नकोस. तुझ्या हातचं मी डोळे मिटून ओळखतो. हे तुझं नाही."

"माझंच आहे. ताईच्या व्हॅनचं. मीच बसवलं."

"तू बसवलंस?" फिटरने पॅकिंग खाली ठेवलं. "बरं. आणि खिडक्या अशा घट्ट कापल्यास? बरोब्बर लोखंडाला लागून?"

"तंतोतंत."

"अरे, तंतोतंत कशाला? तो काय फोटो लावायचाय? लोखंड तापलं की वाढतं. गार असताना समोरासमोर असलेल्या खिडक्या तापल्यावर सरकतात. मधलं पॅकिंग जिथे आत डोकावेल, तिथे ते आगीत. पहिल्यांदा कड जळते, मग धुराला वाट मिळते. म्हणून रेघेबाहेरून कापायचं. कड आगीपासून लांब राहिली पाहिजे. तुला माहीत नव्हतं?"

त्याने पॅकिंगच्या करपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चौतीस वर्षं," शेवटी तो म्हणाला, "मला वाटायचं तुमचे हात जाड म्हणून."

फिटर एवढा हसला, की त्याची बायको चहा घेऊन आली ती कप हातात धरून उभीच राहिली. "आणि आम्हाला वाटायचं," तो डोळे पुसत म्हणाला, "टेबलला सगळं ठाऊक आहे. शेडमध्ये म्हणायचे, त्याचं पॅकिंग आलं की कानस लावायची नाही, सरळ बसवायचं. दुसऱ्या कुणाचं असलं की मी मापून बघायचो. तुझं कधी मापलं नाही." त्याने बशीत चहा ओतला. "नट आवळून, गाडी तापवून, गार करून परत आवळलेस?"

"परत? नाही."

"देवा रे. रविवारी येतो मी. तू काप, मी बसवतो. हवं तर मी नुसता पाना धरायला आलोय, असं सांग तुझ्या ताईला."

परत येताना बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. फिटरने सोपी वाट दाखवली होती. रविवारी दोघांनी काम करायचं, नाव त्याचं, कुणाला काही कळायचं नाही. पण त्याला राहून राहून वाटत होतं, की शेडमधल्या माणसांनी त्याचं पॅकिंग कधी मापलं नाही. ही गोष्ट त्याला आजपर्यंत कुणी सांगितली नव्हती, आणि ती मिस्त्री म्हणवून घेण्यापेक्षा मोठी होती. ती ताईला सांगायची तर आधी दुसरी गोष्ट सांगावी लागणार होती. तो घरच्या थांब्यावर उतरलाच नाही. लाँड्रीपाशी उतरला.

ताई इस्त्री करत होती. दुकानभर गरम कापडाचा वास होता. शर्टाची बाही पुरी होईपर्यंत तो थांबला.

"ताई, मी कधी इंजिन खोललेलं नाही."

"म्हणजे?"

"डेपोत. मी मेजावर बसून पॅकिंगं कापायचो. बसवणारे दुसरे होते. खोललेलं पहिलं इंजिन तुझं."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघितलं.

"पहिलं?"

"पहिलं."

"म्हणजे तू माझ्या गाडीवर हात साफ केलास."

"हो."

"आणि मी त्या गॅरेजवाल्याला काय काय सुनावून आले, बाळ्या! डॉक्टरीणबाईंना सांगितलं!" ती खरंच दुखावली होती. तिने घडी केलेला एक शर्ट उचलला आणि कारण नसताना परत घडी केला. "तेव्हाच बोलला का नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"आई सगळ्यांना सांगायची, इंजिनं दुरुस्त करतो म्हणून. मग सगळेच म्हणायला लागले."

"आई मला गोरी म्हणायची," ताई म्हणाली. "मी बसले का पटवून घेत?"

त्याला हसू आलं. तिला यायचं नव्हतं, पण आलं. मग ती पुन्हा गंभीर झाली. "हे सगळं राहू दे. माझ्या कपड्यांचा धूर कोण बंद करणार?"

"डेपोतला फिटर येणार आहे रविवारी. तो बसवेल. कापणार मी."

"पहिलं तूच कापलं होतंस ना? जळालं ते."

"घट्ट कापलं होतं. आता का जळालं ते कळलंय."

"बघू," ती म्हणाली. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. गॅरेजवाल्याशी बोलताना असतो, तो होता. आणि तिने इस्त्री परत चालू केली.

रविवारी फिटर स्वतःच्या हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याने मॅनिफोल्ड काढून, तारेच्या ब्रशने घासून, अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं आणि बाजूला झाला. "चल टेबल."

ताईने आतून स्टूल आणलं आणि समोर बसली. हाताची घडी. तिने भावाला नोकरीला लागलेलं पाहिलं होतं, डबा घेऊन जाताना, बोनस आणताना, निवृत्तीचा हार घालून येताना पाहिलं होतं. काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याने शीट ठेवली. या वेळी हातोडीने नुसता ठसा उमटवला, कापलं नाही. शीट उचलून सपाट फळीवर घेतली. प्रत्येक खिडकीच्या ठशाभोवती, दोर्‍याच्या जाडीइतकं अंतर सोडून, टोकदार सळईने दुसरी रेघ मारली. हात कशालाही न टेकवता. मग छिन्नी. रेघेच्या बाहेरून. छिन्नी एक घर पुढे, एक ठोका. एक घर पुढे, एक ठोका. ठोक्याचा जोर एकदाही कमी-जास्त झाला नाही. चौथी खिडकी निघाली तेव्हा कापलेला तुकडा न तुटता, चकतीसारखा सुटून फळीवर पडला.

ताईने घडी सोडली होती. ती पुढे झुकली होती.

"एवढंच करायचास?"

"एवढंच."

"रोज?"

"रोज."

"कंटाळा नाही आला?"

त्याने जरा विचार केला. खिडकीचा उजेड, टांगलेले फर्मे, पाच-पाचच्या जुड्या. "नाही," तो म्हणाला. "नाही आला."

फिटरने पॅकिंग घेतलं. मापलं नाही. सरळ बसवलं, नट आवळले, गाडी सुरू केली, तापू दिली. मग बंद करून सगळ्यांनी चहा प्यायला, आणि लोखंड हाताला सोसेल इतकं गार झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळले. प्रत्येक नटाने जवळजवळ पाव-पाव फेरा घेतला. "बघ," फिटर म्हणाला, "हे तुला मेजावरून दिसणार नाही."

"आवाज गेला," ताई म्हणाली. "आवाज मागच्या वेळीही गेला होता." ती आत गेली आणि एक पांढरा शर्ट धुऊन, पिळून, ओला घेऊन आली. "ओल्या कापडाला वास लवकर लागतो. आमच्यात असंच बघतात." तिने तो व्हॅनमध्ये टांगला, दारं-काचा लावल्या आणि इंजिन चालू ठेवलं. अर्धा तास तिघं अंगणात बसून राहिले. फिटरने रोपांविषयी बोलायचा प्रयत्न केला. दोघांचं लक्ष व्हॅनच्या काचेकडे होतं.

अर्ध्या तासाने ताईने दार उघडलं, शर्ट काढला आणि त्यात तोंड खुपसलं. एकदा श्वास घेतला. शर्ट फिरवून पाठीकडून घेतला. मग काखेतून. तिचा भाऊ उभा होता, हातात छिन्नी तशीच.

"साबणाचा," ती म्हणाली.

फिटरने पिशवी भरायला घेतली. त्यालाही मोठा श्वास सोडावासा वाटला असावा, कारण त्याने पाने मुद्दाम खणखणत टाकले.

"थांबा," ताई म्हणाली. "बाळ्या, शीट उरलीय ना? आणखी एक कापून ठेव. गाडीत ठेवते. कधी लांब गेले आणि जळालं तर कुठे तुम्हाला शोधू?"

त्याने दुसरं कापलं. ती पुन्हा स्टुलावर बसून शेवटपर्यंत बघत राहिली, मधेच एकदा म्हणाली, "हळू, ती कड," आणि मग स्वतःच, "नाही, बरोबर आहे." कापून झाल्यावर तिने ते जुन्या उशीच्या अभ्र्यात सपाट ठेवलं आणि कपड्यांवर खूण घालायच्या पक्क्या शाईची बाटली आणली.

"काय लिहू?"

"गाडीचं नाव लिही," तो म्हणाला.

"मिस्त्रींनी कापलेलं, असं लिहा," फिटर म्हणाला.

"मिस्त्री तुम्ही," ताई म्हणाली. "हा नाही." तिने चष्मा खाली घेतला आणि अभ्र्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: पॅकिंग. माझ्या भावाने कापलेलं. मापायची गरज नाही.

"अगं, हे तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तू चहा आणायला आत गेलास तेव्हा यांनी." ती शाईवर फुंकर घालत होती. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे कोट द्यायला जायचंय. सोबत चल. त्यांना मी चुकीचं सांगून बसलेय, आता बरोबर सांगते."